वास्तू ऐकत असते

"शलाका जी, इस घर में लोग साँस नहीं लेते क्या?"

आशुतोष सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, आलेख नाकासमोर धरला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांवर नाही, कमळाकाकूंवर.

माझी पीएचडी आहे बांधकाम व्यवस्थापनात. राखेच्या विटांची, चुन्याच्या गिलाव्याची घरं झाशीच्या उन्हाळ्यात खरंच गार राहतात की नुसती जाहिरातीत, हे मी तपासते. त्यासाठी घराघरांत साबणाच्या वडीएवढी यंत्रं लावलीत. ती तापमान मोजतात, ओल मोजतात, आणि माणसांच्या श्वासातून खोलीत किती कार्बन डायऑक्साइड साठतो तेही मोजतात. खोलीत माणूस असला की रेघ चढते, नसला की आडवी पडून राहते. आता अशी घरं इथं मुळात बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली निम्मी लोकांनी घेऊन कुलूप घालून ठेवलेली. चार माणसांचं नांदतं घर म्हणून मला मिळालं ते एकच, कानपूर रोडवरच्या कॉलनीतलं काकूंचं. ते हातचं गेलं तर माझं अख्खं प्रकरण गेलं आणि अजून एक उन्हाळा इथं काढणं आलं. मी अकोल्याची आहे, उन्हाला भीत नाही. पण सिविल लाइंसमधल्या त्या भाड्याच्या खोलीत भिंतींकडे बघत अजून एक उन्हाळा? नको रे बाबा!

आलेखात काकूंच्या खोलीची रेघ जराशी चढलेली. मुलाच्या आणि सुनेच्या, सुजय-मुग्धाच्या, खोलीची आडवी. नात आभा, तिच्याही खोलीची आडवी. सगळा उन्हाळा.

दर रविवारी मी आकडे उतरवून घ्यायला जायचे. काकू म्हणायच्या, "सुजय आत्ताच बाहेर पडला बघ, तुझी चुकामूक झाली." नाहीतर, "मुग्धा आभाला घेऊन माहेरी गेलीय, संडे है ना." दाराशी चपला असायच्या, दोरीवर फ्रॉक असायचा. मी बावळट, यंत्राकडे बघत होते, माणसांकडे कोण बघतं? आणि खरं सांगू, मला तिथं बरं वाटायचं. आठवडाभरात मी मोठ्यानं मराठी बोलायचे ती तेवढीच.

तर दुसऱ्याच दिवशी भर दुपारी मी त्यांच्या दारात.

"अगं, आज रविवार कुठंय? ये, ये. पन्हं देते."

"पन्हं राहू द्या. काकू, घरात माणसं किती?"

"चार. लिहिलंयस की तू."

"मग सुजयभाऊ कुठं आहेत?"

"येईलच एवढ्यात."

"काकू, मशीन सांगतंय, त्या दोन खोल्यांत उन्हाळाभर कुणी झोपलेलंसुद्धा नाही!"

त्यांनी यंत्राकडे असं पाहिलं, जशी चहाड्या सांगणारी शेजारीणच ती. मग तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल. घरात असलं बोलू नये. वास्तू ऐकत असते गं, आणि तथास्तु म्हणते. आमच्या सासूबाई मीठ संपलं तरी संपलं म्हणू द्यायच्या नाहीत, मीठ आणायचंय म्हणायचं. मी 'एकटी' म्हटलं आणि वास्तूनं तथास्तु म्हटलं, तर माझी माणसं परत कशी यायची?"

मी कपाळावर हात मारला. माझ्या प्रश्नावलीतली त्यांची सगळी उत्तरं डोळ्यांपुढून गेली. उकडतं का? छे, कसं गार असतं. ओल येते का? बिल्कुल नाही. काही त्रास? देवाची कृपा आहे. पैकीच्या पैकी गुण! मी सरांना कौतुकानं दाखवले होते ते. कुठल्या पुस्तकात लिहिलंय की घराबद्दल घरात बसून विचारू नये म्हणून?

"चला बाहेर," मी म्हटलं.

"कुठं?"

"रस्त्यावर. वास्तूला ऐकू जाणार नाही तिथं."

मला वाटलं चिडतील. त्यांनी मुकाट्यानं चपला घातल्या, दार ओढून घेतलं. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली आम्ही उभ्या राहिलो. त्यांनी एकदा मागं वळून घराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एक."

आणि मग थांबेचनात. वास्तुशांत झाली त्याच महिन्यात सुजयची बदली बेंगळुरूला. मुग्धाचीही नोकरी तिकडेच. आभा फोनवर हिंदीत बोलते, दोन वाक्यं, मग खेळायला पळते. वरची खोली दुपारी भट्टी होते. मोरीच्या भिंतीला ओल आहे. मी भराभर लिहून घेत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला घराबद्दल खरं सांगत होतं, आणि ते माझ्या काडीच्या उपयोगाचं नव्हतं.

"झालं ना आता तुझं काम?" काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

कसलं झालं! "काकू, नियम असा आहे की घरात निदान तीन माणसं हवीत. एका माणसाचं घर चालत नाही."

"मतलब, मशीन?"

"काढून न्यावं लागेल."

"आणि रविवारी?"

माझा राग कधीच उतरला होता. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मी आत जाऊन स्क्रू काढले. काकूंनी स्टूल धरून ठेवलं, मी पडू नये म्हणून.

सर फार बोलले नाहीत. "अगली गर्मी में देखते हैं," एवढंच. म्हणजे अजून एक उन्हाळा. मी खोलीवर येऊन पोटभर रडले. कुणाला फोन करावा तर सांगणार काय, एका म्हातारीनं मला घर भरलेलं आहे असं सांगितलं?

रविवार आला. उठून आवरलं, पिशवी भरायला गेले, तर पिशवीत भरण्यासारखं काही नव्हतं. तरी ऑटोत बसले.

काकूंनी दार उघडलं. आधी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "काही विसरलीस का इथं?"

"नाही."

"मग?"

रस्ताभर मी दोन-तीन कारणं जुळवली होती. ऐन वेळी एकही सुचेना. "जेवायला आले," मी म्हटलं, आणि लाजेनं माझे कान तापले.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

"थांबावं लागेल गं थोडं," त्या आतून म्हणाल्या, मोठ्यानं, घरभर ऐकू जाईल असं. "मी एकटीपुरताच भात लावलाय."