काकूंची गाठ, दैवशालाची गाठ

चुडाव्याच्या पार्वतीबाईंच्या वावरात सोयाबीनची काढणी चालली होती. बांधावर बसून पार्वतीबाई बायांना आपल्या ऑपरेशनची गोष्ट पुन्हा एकदा सांगत होत्या. छातीत चिंचोक्याएवढी गाठ लागली, सुनेनं आठ दिवसांत पुण्याला नेलं, डॉक्टरनं तेवढीच काढली. त्यालाही तीन वर्षं झाली.

दैवशालाचा विळा थांबला. दसरा झाला की तिला नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायचं होतं. बाया पाणी प्यायला उठल्या, तशी ती जवळ सरकली.

“काकू, तसली गाठ मलाबी हाय.”

“कवापासून?”

“मागच्या साली उसाच्या फडात लागली. दुखत न्हवती, ऱ्हाऊ दिली. तिथं खाडा करून दवाखान्यात कोण जाऊ देतंय?”

पार्वतीबाईंनी झाडाआड नेऊन चाचपून पाहिलं. गाठ लिंबाएवढी झाली होती. त्या तशाच तिच्या घरी गेल्या आणि तिच्या नवऱ्याला गाठीचं सांगून म्हणाल्या, “व्यंकटी, यंदा ऊस न्हाई. हिला घेऊन आपण संभाजीनगरला जायलोत.”

“आन शिवकन्या?”

“तुझी लेक माझ्या सुनेपाशी ऱ्हाईल.”

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, रोग काखेत उतरलाय. सगळा स्तन काढावा लागेल, मग औषधं, मग किरणांचा शेक.

बाकावर बसून दैवशालानं विचारलं, “रोग एकच ना, काकू? मग तुमचं तेवढ्यावर कसं भागलं?”

पार्वतीबाई म्हणाल्या, “मला नेणारं माणूस होतं गं. आन तू रोज माझ्यासमोर राबायलीस, तरी तुला इचारावं असं मला कधी सुचलं न्हाई.”

त्यांचे डोळे भरले. दैवशालानंच त्यांचा हात धरला. “आलोत की आता.”

औषधांनी केस गेले. पार्वतीबाईंनी तिच्या डोक्याला नातीचा लाल रुमाल बांधला आणि म्हणाल्या, “नवरीवानी दिसायलीस.” किती दिवसांनी दैवशाला खळखळून हसली.

त्याला दोन वर्षं झाली. तिच्या हाताला सूज असते, जड काम होत नाही. डॉक्टर अजून दर सहा महिन्यांनी बोलावतात. पण तोडीला जाणाऱ्या बायांच्या घरी ती आणि काकू आधीच पोचतात आणि त्यांना दवाखान्यात तपासून आणतात. यंदा कस्तुराबाई त्यांना बघून लाजून आतच पळाली.

पार्वतीबाई ओट्यावर ऐसपैस टेकल्या. “पळ. आमी च्या घेतल्याबिगर आन तुला घेतल्याबिगर उठत न्हाई.”

दैवशालानं तिच्याच अंगणातल्या चुलीवर आधण ठेवलं. चहा उकळेपर्यंत कस्तुराबाई पदर सावरत बाहेर आली.

“उद्याची संभाजीनगरची गाडी किती वाजता हाय?” तिनं विचारलं.