तोंडात खिळे असताना

“बाबा, माझ्या मैत्रिणी विचारतायत, खुर्च्या ठोकता ठोकता तुम्ही पिटुकलीला नक्की शिकवता तरी काय?”

विचारलं एकदाचं! घरी हे विचारायची माझी हिंमत होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. हल्ली माझी बऱ्याच गोष्टींची हिंमत होते.

बाबा सोफ्यांच्या आणि खुर्च्यांच्या गाद्या बदलून देतात. बाहेरची खोली हेच त्यांचं दुकान आणि तीच माझ्या धाकट्या बहिणीची, पिटुकलीची, शाळा. तिच्या मोठ्या आजारपणानंतर डॉक्टरांनी तिला गर्दीत पाठवायला मनाई केली. तेव्हापासून बाबाच तिचे मास्तर.

“तूच ऐक की, ताईसाहेब,” बाबा म्हणाले. “पिटुकले, दाखव गं तुझ्या ताईला.”

पिटुकलीने पुस्तकावर बोट ठेवलं. “ह... त्ती... ने. हत्तीने.” मान वर करून तिने बाबांकडे पाहिलं.

“हं,” बाबा म्हणाले.

“मुं... गी... ची. मुंगीची.”

“हं.”

‘हत्तीने मुंगीची टोपी घातली’ एवढं वाक्य संपेस्तोवर माझी जांभई देऊन झाली. अक्षर एकही चुकलं नाही. मी विचारलं, “टोपी कोणाची होती गं?”

“मला काय माहीत? मी वाचत होते ना!”

मी खो खो हसले. बाबा मात्र हसले नाहीत. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “बघा. वर्ष झालं, गाडी तिथंच अडलीय. मी शिकवणी घेणाऱ्या एका बाईंना सांगून ठेवलंय. पुढच्या महिन्यापासून त्याच येऊन शिकवतील.”

बाबांनी खुर्ची उलटी केली आणि जुने खिळे उपसायला लागले. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. पिटुकली मला बिलगून पुटपुटली, “मला बाबाच हवेत.”

रविवारी एका दवाखान्याच्या खुर्च्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. कापड ताणून धरायचं तर दोन्ही हात अडकतात, म्हणून बाबा बारीक खिळे ओठांत धरतात आणि एकेक काढून ठोकतात. पिटुकली शेजारी पुस्तक घेऊन बसली होती. मी रेक्झिनचं टोक धरून उभी होते.

“मा... क... डा... ने. माकडाने.” तिने वर पाहिलं.

बाबांच्या तोंडात खिळे. ‘हं’ निघणार कुठून? त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. ‘हं’ माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण का कोण जाणे, मी ते गिळलं.

थोडा वेळ ती घुटमळली. मग बोट पुढे सरकलं. “माकडाने चष्मा... शेतावर...” ती थबकली. “ह्या! शेतावर कसा लावेल?” बोट मागे आलं. “शे-प-टी-वर. शेपटीवर लावला!” आणि एकदम खिदळली, “बाबा, शेपटीला डोळे असतात का हो?”

बाबांनी सगळे खिळे तळहातावर काढले. हातोडी खाली राहिली. ते तिच्याकडे बघतच राहिले.

“बाबा, तुमचं ‘हं’!” मी ओरडलेच. “दर शब्दाला ती त्याची वाट बघत थांबते. तोवर मागचं विसरते!”

“म्हणजे इतके दिवस मीच अडवत होतो पोरीला?”

त्यांचा चेहरा इतका पडला की मला जीभ चावावीशी वाटली. मी त्यांच्याजवळ जमिनीवर फतकल मारली. “अडवत कसले? तिला एक तरी अक्षर चुकतं का? आमच्या वर्गात अजूनही काही जण चाचपडतात. मलाही शाळेत जायच्या आधी तुम्हीच शिकवलंत ना? मी आज धडाधड वाचते ते कोणाच्या जिवावर?”

बाबांनी पिटुकलीच्या नाकावरचा कापूस पुसला. मला त्या क्षणी ती खोली, तो सरसाचा वास, तो सगळा पसारा इतका आवडला म्हणून सांगू!

जेवताना मी ताट बाजूला सारलं. “आई, बाबा, माझं ठरलंय. त्या बाईंना नको म्हणून सांगा. उद्यापासून शाळेतून आले की मी पिटुकलीजवळ बसणार. ती तिचं पुस्तक वाचेल, मी माझं. अडली तर आधी ती स्वतः झटापट करेल आणि मगच मला विचारेल. आणि वाचून झालं की गोष्टीत काय झालं ते बाबांना जाऊन सांगेल. बाबा, तुम्ही पुस्तकात डोकवायचं नाही. नुसती गोष्ट ऐकायची.”