सैल घोटा

पालीचा घाट उतरताना रतनबाईचा उजवा पाय पुन्हा मुरगळला. दोन वर्षांतली ही चौथी खेप. कडेवरचं कोकरू तिनं सोडलं नाही, पण खाली बसली ती उठलीच नाही. मागून तिचा नवरा बंकट मेंढरं आणि बिऱ्हाड लादलेलं घोडं हाकत आला. त्यानं पाहिलं आणि नुसता उसासा टाकला. रागवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

नगरकडची इंग्रजी हद्द सोडून त्यांना बारा दिवस झाले होते. त्यातला एक सबंध दिवस कडा गावाजवळच्या नाक्यावर निजामाच्या शिपायांनी मेंढरं मोजण्यात खाल्ला होता. बरोबरचे धनगर थांबले नाहीत, चाऱ्यासाठी गंगथडीला, गोदावरीच्या काठी, पुढं निघून गेले.

घाटाखालच्या पाली गावात छबुबाई नावाची म्हातारी हाडं बसवायची. तिचीच बोटं आता वाकडी झाली होती. तिनं सुजलेल्या पायाचं एकेक हाड दाबून पाहिलं.

"हाड शाबूत हाय."

"मंग चालंल की," बंकट म्हणाला.

"हाड शाबूत हाय, एवढंच म्हनले मी. बाकीचं आज कळायचं न्हाई. दुखतंय म्हनून ही पाय आवळून धरतीय. आवळलेल्या पायाचं खरं समजत न्हाई. पाचव्या दिशी आना."

"पाच दिवस मेंढरं काय खातील, मावशी?"

"ते मला कावून इचारतो?"

गावाबाहेर पाल ठोकून ते राहिले. बंकट पहाटे मेंढरं घेऊन खडकाळ माळावर जायचा आणि उपाशी मेंढरांसकट परत यायचा. रतनबाई पालात पडून असायची. मागच्या तिन्ही खेपांना लोकांनी हेच सांगितलं होतं, हाड शाबूत आहे. सासू म्हणायची, "हाड धड अन् ही लंगडती कशी?" ऐकून ऐकून रतनबाईलाही वाटायला लागलं होतं की आपणच कामचुकार आहोत. हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येई, आणि मग तिची तिलाच लाज वाटे. चौथ्या दिवशी सूज उतरली, तेव्हा तिला वाईटच वाटलं.

पाचव्या दिवशी छबुबाईनं तिला ओट्यावर बसवलं, पाय खाली लोंबते सोडायला लावले आणि डावा पाय हातात घेतला.

"मावशी, दुखरा उजवा हाय," बंकट म्हणाला.

"ठावं हाय. आदी चांगला बघायचा. कुनाचा सांधा जन्माचाच सैल आसतो, कुनाचा घट्ट. हिचा हिच्याशीच मोजायचा."

एका हातानं तिनं नडगी धरली, दुसऱ्या हातात टाच घेऊन पुढं ओढली. पाऊल जवाच्या दाण्याएवढं सरकलं आणि थांबलं. मग तिनं उजवा पाय घेतला. "अंग सोड, पोरी. सगळा भार माज्या हातात दे." टाच पुढं आली, येतच राहिली, बोटाच्या रुंदीएवढी सरकली. घोट्याच्या पुढं कातडीत खळगी पडली.

छबुबाईनं बंकटला जवळ बोलावलं, त्याचा अंगठा त्या खळगीवर ठेवला आणि टाच पुन्हा ओढली.

बंकटनं हात झटकन मागं घेतला. "निसटतंय हे!"

"हाडाला हाड धरून ठिवनारा बंद तुटलाय. आत्ता न्हाई, पयल्याच खेपंला तुटला आसंल. चालवून चालवून त्याला जुळूच दिलं न्हाई तुमी."

"पयल्या खेपंला..." बंकटचा आवाज खाली गेला. "दुसऱ्याच दिशी मीच हिला चालवत नेलतं. चार कोस."

त्यानं बायकोकडं पाहिलं. तिला रडू आलं नाही. तिला झोप आली. दोन वर्षांची झोप असावी तशी ती भिंतीला टेकली आणि बसल्या जागीच तिचा डोळा लागला. छबुबाईनं बांबूच्या कामट्या आणि कापडाचे धडपे घेऊन पाय बांधला, तरी तिला जाग आली नाही.

मेंढरं थांबवणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी बंकट एकटाच गंगथडीला गेला. रतनबाई छबुबाईच्या घरी राहिली, बसून दळण-निवडण करत. सव्वा महिन्यानं कामट्या सुटल्या. मग रोज पायाची बोटं हलवायची, भिंत धरून उभं राहायचं. एवढ्यानंही ती थकून जायची.

अडीच महिन्यांनी बंकट परत आला. वाळला होता. वाटेत सात कोकरं मेली होती. छबुबाईनं दोन्ही पाय पुन्हा ओढून पाहिले. उजवा आता अर्धं बोट सरकत होता.

"यापरीस जुळायचा न्हाई. सपाटीला चालंल. घाटात चालवू नको."

बंकटनं मान डोलावली; पण माघारी जायला तोच घाट चढायचा होता. घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवून त्यानं स्वतःच्या डोक्यावर आणि पाठीवर घेतलं, आणि रतनबाईला घोड्यावर बसवलं. घाटात तो तीनदा दम खायला थांबला. तिला वाटलं, उतरावं. ती उतरली नाही. वर पोचायला दुपार टळली.