महिपतच्या जीपचा डबा

मित्रांनो, ते दोन हजार बावीस साल होतं. त्या वर्षी परतीचा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला आणि पोलादपूरच्या डोंगरातलं कापायला आलेलं भात शेतातच आडवं झालं. त्याच दिवसांत माझं काम कायमचं थांबलं.

मी एका जुन्या जीपचा कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पडदा आणि बटणं आली असतील. मला त्यातलं काहीच नाही. मी म्हणजे एक चपटा डबा. वर ॲल्युमिनियमचं कवच, आत हिरवी पाटी आणि त्या पाटीवर मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक बारीक भाग. इंजिनाला डिझेल किती द्यायचं आणि कधी द्यायचं, हे मी ठरवायचो. माझी जागा पुढच्या डाव्या सीटसमोर, पाय ठेवतात तिथे आतल्या बाजूला होती. मला दिसत काही नसे, पण ऐकू सगळं येई. आणि ॲक्सिलरेटरवर पडलेला पाय मी लगेच ओळखायचो.

एका दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्या पोटात एकाच गाडीची आणि एकाच चावीची खूण भरली गेली. पहिली काही वर्षं आम्ही महाडच्या एका ठेकेदाराकडे होतो. त्याचे पाहुणे वीर स्टेशनवरून आणायचे आणि परत सोडायचे, एवढंच काम. त्याचा पाय उतावळा होता, सदा दाबलेला. मग त्याने नवी गाडी घेतली आणि आम्हाला महिपतने विकत घेतलं.

महिपत मुंबईत बरीच वर्षं टेम्पो चालवून गावी परतलेला माणूस. त्याचं गाव म्हणजे आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या कुशीत दिसणारा वरचा कोंड, म्हणजे वरची वाडी. महिपतचा पाय मला अजून आठवतो. चढावर तो घाई करायचा नाही. झोपलेल्या पोराला थोपटावं तसा तो पेडल दाबायचा. त्या पायाखाली मी कधी धूर काढला नाही की चढ सोडला नाही. लोक म्हणायचे, महिपतची गाडी नाही म्हणत नाही. कौतुक गाडीचं व्हायचं, महिपतचं व्हायचं. माझं कुणी केलं नाही, कारण मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. घर चालवणाऱ्या पुष्कळ जणांचं असंच असतं.

आम्ही काय काय नेलं! शिवथरच्या घळीला म्हातारी माणसं नेली, बाळंतिणी महाडला नेल्या, लग्नाचा रुखवत नेला, एकदा तर आजारी शेळी नेली आणि तिने वाटेतच दोन पिल्लं दिली. पुढे कोंडाच्या वळणावरचा रस्ता ढासळला आणि एसटी वर यायची बंद झाली. तेव्हापासून शाळेची मुलंही आमच्याच गाडीने पोलादपूरला जाऊ लागली.

पुढच्या सीटवर सेजल बसायची. ती महिपतची नात. तिचे आईबाप मुंबईत, आणि ती लहानपणापासून आजी-आजोबांकडे. ओल्या चपला काढून ती माझ्या शेजारी ठेवायची आणि शाळा येईपर्यंत मोठ्याने पाठांतर करायची. तिच्यामुळे मला पाढे आले, नद्यांची नावं आली, विज्ञानाचे धडे आले. "धातू उष्णतेचे सुवाहक असतात," हे वाक्य तिने एका सकाळी इतक्या वेळा घोकलं, की मागून हैबती म्हणाला, "गो पोरी, आता माझी म्हस पन पास होईल."

हैबती म्हणजे महिपतचा शेजारी. गाडी स्वतःचीच असल्यासारखा तो रोज मागच्या सीटवर बसायचा, काम असो वा नसो.

त्या वर्षी सेजल दहावीत गेली. दहावी झाली की महाडला राहून पुढे शिकायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण तिचा बाप किशोर याचा मुंबईहून अधूनमधून फोन यायचा. सेजलची आई कामाला जाऊ लागली होती आणि धाकट्या भावाकडे बघायला घरात कुणी नव्हतं. गावात शाळेला जायचे हाल असतील तर पोरीला इकडे पाठवा, असं किशोरचं म्हणणं. एकदा गाडी चालवतानाच महिपतने त्याला उत्तर दिलं. ते मी शब्दन् शब्द ऐकलं.

"माझी गाडी चालतेय तवर पोरगी शाळा सोडायची नाय. गाडी थांबली तर मंग ने तिला. मी आडवा येनार नाय."

शेजारी बसलेल्या सेजलचं पाठांतर थांबलं होतं. महिपतने फोन ठेवल्यावर ते पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात. त्या दिवसापासून मी जास्तच जपून काम करू लागलो.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी विळे-कोयते, नांगर, शिवणयंत्र, सगळी कामाची हत्यारं धुऊन पुजतात. गाडीला तर मोठाच मान. हैबती डोंगराच्या झऱ्यावरून आलेली नळी ओढत घेऊन आला. बाहेरून गाडी धुऊन झाली तेव्हा त्याने दारं उघडली. वर्षभराची माती आत साठलेली, ती तशीच ठेवून पूजा कशी करायची? त्याने नळी सरळ आत सोडली.

"आंगोळ काय नुसती वरून करत्यात व्हय?" तो म्हणाला. सगळे हसले.

पाणी सीटखालून वाहत माझ्यापर्यंत आलं. माझ्या कवचाला एके ठिकाणी जुनी फट होती. थंडगार पाणी तिथून आत शिरलं. बाहेर सेजल झेंडूचा हार आणि भाताच्या लोंब्या बांधत होती. रंगूबाईने, म्हणजे तिच्या आजीने, नारळ फोडला आणि बॉनेटला हळदकुंकू लावलं. मित्रांनो, बाहेर आमची पूजा चालली होती, आणि त्याच वेळी मी बुडत होतो.

दसऱ्याच्या सकाळी महिपतने चावी फिरवली. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. मला चावी ओळखता येईना. महिपतने महाडच्या अरविंदला फोन लावला. अरविंद वायरिंगचं काम करतो, जुन्या गाड्यांवर त्याचा जीव आहे. पाण्याचं ऐकताच त्याने डबा काढून आहे तसा आणायला सांगितलं, त्याला काही करू नका म्हणाला. महिपतला वाटलं, उघडू नका एवढंच तो सांगतोय. पण खाली ओढ्याला पाणी चढलं होतं आणि आमची गाडी सोडून कोंडात दुसरी गाडी नव्हती. दोन दिवस वाट पाहावी लागणार होती. महिपतने मला काढून घरात आणलं आणि तो भात झाकायला शेतावर गेला.

रंगूबाईने मला उचललं तेव्हा माझ्यातून पाणी ठिबकलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला दिसलं नाही, पण तिचा हात घट्ट झाला. नात इथे राहणार की मुंबईला जाणार, ते आता या डब्यावर आहे, हे तिला कळत होतं.

आमच्या डोंगरात पावसाळ्याचे चार महिने ऊन दिसत नाही. तेव्हा प्रत्येक घरात चुलीच्या वर बांबूचा माळा टांगलेला असतो. ओली लाकडं, बियाणं, घोंगड्या, सुकट, सगळं त्याच्यावर सुकतं. मागे एकदा सेजलचं दप्तर ओढ्यात भिजलं होतं, तेव्हा तिची पुस्तकं रंगूबाईने पान पान सुटं करून त्याच माळ्यावर वाचवली होती. त्या बाईच्या उभ्या आयुष्यात चुलीने सुकवलं नाही असं काही नव्हतं.

तिने मला आपल्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. दोन दिवस तिने चूल विझू दिली नाही. मधूनच येऊन ती मला भाकरीसारखी उलटायची. सेजल खाली बसून फुंकणीने जाळ करायची आणि विज्ञानाचं पाठांतरही करायची. धातू उष्णतेचे सुवाहक असतात, हे तिला तोंडपाठ होतं. पण ते वाक्य पुस्तकातलं आणि मी घरातला. दोघांची गाठ घालून द्यायला कुणी नव्हतं.

पाणी गेलं. मग माझ्या पाटीवरचा लेप मऊ झाला, बारीक भाग फुगले, फटीतून धूर आत आला आणि सगळ्यावर चिकटून बसला. मला ओरडता येत नव्हतं. आवाज असता तरी त्या मायेपुढे मला ओरडवलं असतं का, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी ओढा उतरला आणि महिपत मला घेऊन महाडला गेला. अरविंदने झाकण उघडलं आणि तो थांबला. धुराचा वास दुकानभर पसरला असणार.

"काका, हे कुठं ठेवलं होतं?"

"चुलीवं," महिपत कौतुकाने म्हणाला. "आमच्या बायकोनं दोन दिस जपला. थेंब ऱ्हायला नाय बग आत."

अरविंदने झाकण परत बसवलं. पुण्याला सुहास म्हणून एक ओळखीचा आहे, तो अशा पाट्या दुरुस्त करतो, त्याच्याकडे पाठवून बघू, एवढंच तो म्हणाला. मला त्याच लुगड्याच्या तुकड्यात, मग खोक्यात बांधून त्याने पाठवून दिलं.

सुहासच्या खोलीत माझ्यासारखे पुष्कळ डबे कपाटात मांडलेले होते. कुणाला उंदराने कुरतडलेलं, कुणी उलट्या बॅटरीने भाजलेला. आम्ही आपापली पाळी येण्याची वाट पाहत पडून होतो. माझी पाळी आली तेव्हा सुहासने नीट मन लावून काम केलं. औषध लावून काजळी पुसली, फुगलेले भाग काढून नवे लावले. एकदा वीज माझ्या अंगातून थोडी पुढे सरकली आणि मला क्षणभर महिपतचा पाय आठवला. मला वाटलं, दिवाळीची सुट्टी संपायच्या आत मी परत जाईन.

पण ज्या भागात आमच्या गाडीची आणि चावीची खूण होती, तोच पोळला होता. माझ्या जातीचे डबे आता बनत नाहीत. सुहासने भंगारवाल्यांकडे शोध घेतला, तिथला एक आणून पाहिला, तोही जुळला नाही. असे आठवडे गेले. शेवटी त्याने अरविंदला फोन केला.

"ओला तसाच आला असता तर जमलं असतं रे. पाण्याने नाही गेला हा. भाजलाय."

मी परत महाडला आलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. अरविंदने महिपतला बसवलं, चहा मागवला आणि खरं ते सांगितलं. महिपतने मला पुन्हा त्याच कापडात गुंडाळलं. मग त्याने अरविंदला एकच गोष्ट सांगितली.

"आमच्या घरात हे बोलू नको. जुना झाला व्हता, म्हनून गेला. असंच सांग, कोन इचारलं तर."

घरी आल्यावर त्याने रंगूबाईला तसंच सांगितलं. घर फार शांत होतं. पाठांतराचा आवाज नव्हता. दिवाळीला किशोर आला होता आणि महिपतने दिलेला शब्द पाळला होता, तो आडवा आला नाही. सेजल बापाबरोबर गेली होती.

महिपत बाहेर गेला तेव्हा रंगूबाईने खोकं सोडलं. माझ्याभोवती अजून तिच्याच लुगड्याचा तुकडा होता. तो तिने उलगडला, मला हातात घेतलं आणि सवयीने नाकाशी नेलं. धान्य असो की घोंगडी, सुकलं की नाही ते ती वासावरूनच ओळखायची. पुण्याच्या औषधांनी माझ्या अंगातला तो वास गेला नव्हता. तिच्या चुलीचा धूर तिला नाही ओळखू येणार तर कुणाला?

ती तशीच खाली बसली. महिपत परत आला तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "जुनाच व्हता बिचारा."

"व्हय," तो म्हणाला. ते दोघे पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

त्यानंतर काय झालं ते सांगतो. गाडी वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. मग भंगारवाला येऊन तिला घेऊन गेला. त्या दिवशी महिपत मुद्दाम शेतावर राहिला. आता तो संध्याकाळी ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसतो आणि खालून कुणाची गाडी चढ चढताना ऐकू आली, की त्याचा उजवा पाय जमिनीवर हळूच दाबला जातो. हैबतीला पाण्यानेच गाडी बंद पडली असं वाटतं. तो नळीला हात लावत नाही आणि पूर्वीसारखं हसवत नाही. कोंडातली बाकीची मुलं चालत जाऊ लागली. त्यातल्या मोठ्या मुलींनी दुसऱ्या पावसाळ्यात शाळा सोडली. किशोरला मुलीचं वाईट वाटतं, पण दिवस निघून जातो. अरविंदने आपल्या दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे, ओला असेल तर ओलाच आणा. सुहासच्या कपाटात माझी जागा दुसऱ्या डब्याने घेतली असेल.

सेजलने दहावी दिली नाही. पहिल्या वर्षी ती बाहेरून परीक्षा देईन म्हणायची, दुसऱ्या वर्षी कमी वेळा म्हणाली. आता ती एका मोठ्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालते. मागच्या गणपतीत ती आली होती. मला हातात घेऊन म्हणाली, "आजी, गाडीत पाठ केलेलं मला आता काय आठवत नाय गो." मला आठवतं. सगळे पाढे, सगळ्या नद्या. पण मला बोलता येत नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या हातात कधी एखादी भिजलेली वस्तू येईल, कधी दुखावलेलं माणूस येईल. तुमच्याकडे जी ऊब असेल ती लगेच देऊ नका. त्याला काय सोसतं, ते आधी विचारा. आणि विचारायचं राहून गेलंच, तर ज्याने मायेने चूक केली त्याची ती महिपतने झाकली तशी झाकून घ्या. याहून जास्त मला काही सुचत नाही.

मी आता भिंतीतल्या देवळीत असतो, हत्यारांच्या शेजारी. दर खंडेनवमीला रंगूबाई सगळ्यांना धुते, मला मात्र कोरड्या फडक्याने पुसते. हळदकुंकू लावते. मग जवळ कुणी नसलं की मला एकदा नाकाशी नेते. वास अजून गेलेला नाही.