सतराव्या पानावरची हिरी

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. धूळ आहे, मान्य. कसर लागून कडा कुरतडल्या आहेत, तेही मान्य. पण एके काळी पाहुण्यांना चहाच्या आधी मला पुढे केलं जायचं, समजलात? मोबाईल कोणाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हाचा मी फोटोंचा अल्बम आहे. काळी जाड पानं आणि दोन पानांच्या मध्ये जाळीची नक्षी असलेला पातळ कागद, असा माझा थाट!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते डहाणू रोडच्या एका दुकानातलं काचेचं कपाट. गोविंदरावांनी मला तिथून उचललं आणि मसोलीच्या घरी आणलं. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं, नुकताच कॅमेराही घेतला होता, आणि त्या कॅमेऱ्यापायी घरातलं माणूस, गोठ्यातला बैल, वाडीतलं चिकूचं झाड, काही म्हणून सुटलं नाही. ते फोटो काढायचे आणि विजयमालाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुपारी जेवणं उरकली की माझ्या पानांवर ते बसवायच्या. फार हलका हात होता त्यांचा.

माझा सगळ्यात लाडका फोटो सतराव्या पानावर होता. वाडीत चटई अंथरलेली. पुरुषांनी बेडणीने, म्हणजे लांब बांबूला बांधलेल्या जाळीने उतरवलेल्या चिकूंचा ढीग, आणि पुढ्यात तो निवडत बसलेली हिरी. ती रानशेतहून कामाला यायची. शेजारी तिची सात वर्षांची पोर रूपी, दात काढून हसतेय. आणि हिरीने तळहात पुढे धरून चेहरा झाकलाय. बोटांच्या फटीतून एकच डोळा दिसतो.

"बघा, कशी लाजली!" गोविंदराव प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. पाहुणे हसायचे. मीही मनातल्या मनात फुशारून जायचो. एवढा नामी फोटो पंचक्रोशीत कोणाकडे होता, सांगा!

पुढे घरात मोबाईल आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. किती वर्षं, ते मोजायचं मी सोडून दिलं. तिथे पाली माझ्यावरून बिनदिक्कत फिरायच्या. रडू यायचं हो, पण अल्बमाने रडायचं कुठून?

गेल्या हिवाळ्यात गोविंदरावांची पुतणी निशिगंधा आली आणि माझं नशीब पालटलं. ती तलासरीला शिक्षिका आहे. वाड्यांमध्ये राबलेल्या बायकांवर ती पुस्तक लिहीत होती आणि जुने फोटो शोधत होती. मला खाली काढलं, मऊ फडक्याने पुसलं. सतराव्या पानावर आली आणि तिथेच थबकली. मोबाईलवर त्याचा फोटो घेऊन तिने प्रकाशकांना पाठवला. आठवड्याने परत आली ती नाचतच.

"काका, प्रकाशक म्हणाले, मुखपृष्ठावर हाच! फक्त इथे परवानगीची सही लागेल."

"आण इकडे. वाडी आमची, कॅमेरा माझा. बेलाशक छाप!" गोविंदरावांनी झोकात सही ठोकली.

"आणि ही खालची जागा फोटोतल्या माणसांसाठी आहे. त्यांना नाहीतर त्यांच्या घरच्यांना विचारायला हवं."

"गडीमाणसांना? अगं, त्यांना काय कळणार पुस्तकातलं?"

"अहो, न विचारताच कसं ठरवता?" विजयमालाबाई म्हणाल्या. "हिरी जाऊन पंधरा वर्षं झाली. पण रूपी आहे रानशेतला. चला, मीही येते."

रिक्षात मी बाईंच्या मांडीवर होतो. आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या मला. मुखपृष्ठ! माझ्यातला फोटो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर! रूपी नाही कशाला म्हणेल?

रूपी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. साठीला टेकलेली, केस पिकलेले. "बसा शेट," म्हणाली, पाणी आणलं. निशिगंधाने सगळं समजावून सांगितलं आणि सतरावं पान उघडलं. रूपीने पदराला हात पुसले. खूप वेळ बघत राहिली.

"आई," एवढंच म्हणाली.

"कशी लाजली होती बघ," गोविंदराव सवयीने बोलून गेले.

रूपीने मान वर केली. "लाजली नाय, शेट. आई नाय म्हणत होती."



"माझा बाप जाऊन पंधरा दिवस पण झाले नव्हते. चिकू थांबतोय का कुणासाठी? म्हणून कामाला आली. तिचा हात बघा."

मित्रांनो, पन्नास वर्षं तो हात माझ्या अंगावर होता. मी बोटं पाहिली, फटीतला डोळा पाहिला. मनगट कधी पाहिलंच नाही. त्यावर एकही बांगडी नव्हती.

"मी हसले, कारण मला काय कळत होतं? शेटच्या हातातलं डबडं बघून हसले. आई घरी येऊन रडली. म्हणाली, असल्या तोंडाने मला त्याच्यात घातलं, आता कोण कोण बघेल!" रूपीने गोविंदरावांकडे पाहिलं. "कोणी कोणी बघितला हा, शेट?"

गोविंदरावांची मान खाली गेली. "आल्या-गेल्या सगळ्या पाहुण्यांनी. मला खरंच वाटलं गं, लाजतेय."

"विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं."

निशिगंधाचा चेहरा उतरला होता. तरी तिने एकदा बोलून पाहिलं. "मावशी, तसा चेहरा दिसत नाही त्यांचा. मी नावही घालणार नाही."

"तुमचं पुस्तक आमच्या बायांचं ना? मग बाई नाय म्हणाली, ते तुम्हीच मोडायचं?"

निशिगंधाने पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "नाही छापणार, मावशी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. माझं म्हणाल, तर मला लाजेने मिटून जावंसं वाटत होतं.

रूपीचा हात मात्र अजून पानावरच होता. "आमच्याकडे आईचा एक पण फोटो नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "साऱ्या पाहुण्यांनी पाहिली तिला. मला माहीत पण नव्हतं."

तेव्हा गोविंदरावांनी मला आपल्याकडे ओढलं. एकेक कोपरा सोडवत त्यांनी स्वतः तो फोटो काढला आणि दोन्ही हातांनी रूपीला दिला. "चूक झाली," म्हणाले. आयुष्यात त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

रूपीने "असू दे" म्हटलं नाही. फोटो घेऊन ती आत गेली, पत्र्याची पेटी उघडली आणि आईच्या लुगड्याच्या घडीत तो ठेवला. भिंतीवर लावला नाही.

निशिगंधाचं पुस्तक निघालं, मुखपृष्ठावर नुसती चिकूची फांदी आहे. आणि गोविंदराव हल्ली रोज सकाळी मला मांडीवर घेतात. "हा कोण? कुठल्या पाड्यातला?" असं विजयमालाबाईंना विचारतात. मग एखादा फोटो कोसबाडला जातो, एखादा रानशेतला. त्यांच्या-त्यांच्या घरी विचारतात, हवा असेल तर देऊन येतात. मी दिवसेंदिवस रिकामा होतोय. दुखतं, खोटं कशाला बोलू? पण हरकत नाही.

मला जपा, असं सांगायचं माझ्या मनात होतं. आता ते राहू दे. तुमच्या प्रत्येकाच्या घरात कॅमेरा आहे, दिवसाला शंभर फोटो काढता. एवढंच करा, कोणी तळहात पुढे केला तर कॅमेरा खाली घ्या आणि का ते विचारा. मी पन्नास वर्षं नुसता हसत राहिलो.