खाऊचे शंभर रुपये

"शंभराची नोट दिली होती की नव्हती, एवढंच सांगा," विमा कंपनीचे वकील आप्पासाहेब म्हणाले, आणि नांदेडच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या सरजाबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला.

त्या हाताच्या कोपरात सळई होती आणि बोटं मिटत नव्हती. समोरच्या बाकावर आनंदराज मान खाली घालून बसला होता. अपघात त्याच्याच गाडीत झाला होता आणि भरपाईचा दावा सरजाबाईंचा होता.

किनवटच्या वसतिगृहात सरजाबाईंनी उभा जन्म स्वयंपाक केला. जूनमध्ये जंगलातल्या वाड्यातांड्यांवरून पोरं यायची आणि आईच्या नावानं रडायची. त्यांना गप्प करायचा सरजाबाईंचा एकच इलाज होता. चुलीजवळ बसवायचं आणि तव्यावरची पहिली पोळी हातात द्यायची. आनंदराज इतका रडका की दिवाळीपर्यंत पहिली पोळी त्याच्याच नावाची होती. धुरानं डोळे चुरचुरायचे, बाहेर पोरं ताटं बडवायची आणि सरजाबाई त्यांच्यावर खेकसायच्या. पण तो गोंगाट त्यांना मनापासून आवडायचा. निवृत्त झाल्यावर घरात एवढी शांतता पसरली की त्यांना जेवण गोड लागेना. नोकरीत असताना सुट्टीला पोरं घरी निघाली की त्या फाटकाशी उभ्या राहून एकेकाच्या हातावर काहीतरी ठेवायच्या. पगार तो केवढा! पण रिकाम्या हातानं पोर गेलं, तर दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागत नसे.

गेल्या वर्षी लातूरला लेकीकडे जाताना नांदेड स्टेशनबाहेर आनंदराजनं त्यांना ओळखलं. दोन लेकरांचा बाप झालेला तो आता मोबाइलच्या अ‍ॅपवरून स्वतःच्या गाडीत लातूरच्या सीटा, म्हणजे भाड्याचे प्रवासी, घेत असे. गाडी मात्र घरगुती नंबरची, टॅक्सीचा परवाना नसलेली. "जय भीम, मावशी" म्हणत तो वाकला, अ‍ॅप बंद केलं आणि मावशींना पुढच्या सीटवर बसवलं. भाड्याचं विचारल्यावर त्यानं कानाला हात लावले. मग सरजाबाईंनी सवयीनं शंभराची नोट त्याच्या तळहातावर ठेवली. वाटभर वसतिगृहाच्याच गप्पा चालल्या. लोहा ओलांडल्यावर रानडुकरांचा कळप आडवा आला आणि गाडी बाभळीवर जाऊन आदळली.

कंपनीचा माणूस दवाखान्यात चौकशीला आला, तेव्हा सरजाबाई आनंदराजचं कौतुक सांगत बसल्या. नोटेसकट सगळं सांगून मोकळ्या झाल्या आणि तिथंच माशी शिंकली. घरगुती गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई कंपनीनं द्यायची होती. भाडं घेतलं असेल, तर ती आनंदराजच्या बोडक्यावर पडणार होती, म्हणजे गाडी विकूनच.

सरजाबाईंची वकील समीक्षा, गुणाची पोरगी, तिनं बाहेर व्हरांड्यात त्यांना पढवून ठेवलं होतं. औषधाच्या गुंगीत काहीतरी बोलले, नोट वगैरे दिली नाही, असं म्हणा. सरजाबाईंनी मान डोलावली होती. पोराची गाडी वाचत असेल तर त्यात वाईट ते काय? पण आता फाटकाशी उभी राहिलेली सगळी पोरं त्यांच्या डोळ्यांपुढे आली. यातल्या एकालाही आपण काही दिलं नाही, असं म्हणायला त्यांची जीभच उचलेना.

"हाव साहेब, दिली," त्या म्हणाल्या.

समीक्षानं डोळे मिटून घेतले. आप्पासाहेब समाधानानं खाली बसणार, तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी विचारलं, भाडं म्हणून दिली का?

"लेकराला कुनी भाडं देतं का, बाई? निघताना हातावर खाऊला ठेवावं लागतंय. त्यो न्हाई न्हाई म्हनून राहिला होता, मीच त्याची मूठ दाबली. माझ्या हातचं खाल्लेलं लेकरू हाय ते, रिकामं कसं जाऊ द्यावं?"

एवढ्या मोठ्या बाप्याला कसला खाऊ, अशी आप्पासाहेबांनी हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी ती नोंदवली आणि सरजाबाईंचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितलं. समीक्षा मागे वळून आनंदराजला हळूच म्हणाली, गाडी बहुतेक वाचते तुझी. त्याला रडू आवरेना. मोठा झाला तरी तो रडकाच राहिला होता.

साक्ष संपली आणि लिपिकानं कागद सहीसाठी पुढे सरकवला. सरजाबाईंनी उजव्या हातात पेन धरायला घेतलं. सही त्यांना पोरांनी शिकवली होती, स्वयंपाकघरातल्या फरशीवर कोळशानं गिरवून घेऊन. पहिल्यांदा पगारपत्रकावर नाव लिहिलं, तेव्हा साऱ्या वसतिगृहानं टाळ्या वाजवल्या होत्या. पेन बोटांतून निसटलं. त्यांनी पुन्हा उचललं, ते पुन्हा निसटलं. लिपिकानं शाईचा पॅड उघडला.

सरजाबाईंनी डावा अंगठा टेकवला. आनंदराज आधाराला जवळ आला, तेव्हा त्यांनी शाईचा तो अंगठा घाईघाईनं पदराच्या आतल्या बाजूला पुसून टाकला.