बुधरामच्या लेकीचं औषध

रंजू नदीकाठच्या एका लहान दवाखान्यात नर्स होती. तिचे बाबा, बुधराम, वैनगंगेत जाळं टाकून मासे धरत आणि पवनीच्या बाजारात विकत. विषबाधेचं प्रशिक्षण घेऊन आल्यापासून रंजूनं एकच धोशा लावला होता : सायनाईडवरचा उतारा दवाखान्यात पाहिजे. औषधांचा साठा सांभाळणारे श्यामराव हसायचे.

"इथं साप चावते, फवारणीचं औषध पोटात जाते. सायनाईड कोन पेते बाई?"

दागिन्यांवर सोन्याचा मुलामा देणारी दोन दुकानं गावात आहेत, त्यांच्या पाण्यात तेच असतं, असं तिनं तीनदा लिहून दिलं. चौथ्यांदा लिहिल्यावर इंजेक्शनं आली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी दारात ऑटो थांबला. ललिताबाई ओरडतच उतरल्या, "माह्या मालकाले पाहा हो! प्याचं पानी समजून मुलाम्याचं पानी प्याला!"

त्यांचा नवरा, त्या दोनपैकी एका दुकानाचा मालक डोमा, धापा टाकत होता. डोळे फिरले होते. बोटाला लावलेलं यंत्र मात्र ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव दाखवत होतं.

"आकडा तर चांगला आहे," डॉक्टर भूपेंद्र गोंधळले.

"सर, सायनाईड हाय. रक्तात ऑक्सिजन हाय, पन शरीराले तो वापरता येऊन नाही राहिला."

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. "इंजेक्शनं आणा, सिस्टर."

डोमाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवून रंजूनं पहिल्याच टोचणीत शीर धरली. पहिल्या औषधानं रक्तदाब उतरतो, म्हणून डॉक्टर ते अगदी हळू सोडत होते आणि ती दर मिनिटाला दाब मोजून सांगत होती. मग त्याच शिरेतून दुसरं.

अर्ध्या तासानं डोमानं डोळे उघडले. "ललिता, दुकान उघडंच हाय का व?"

ललिताबाई रडता रडता हसल्या. श्यामराव कागद-पेन घेऊन दाराशी आले. "बाई, अजून काय काय मागवाचं हाय, ते लिहून दे," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी बुधराम दवाखान्यात आले. बाजारात त्यांना सगळं कळलं होतं.

"रंजू, त्या दवाईचं नाव काय व?"

"दोन दिल्या. दुसरी सोडियम थायोसल्फेट. काहून बाबा?"

"लोक इचारून राहिले. बापाले माहीत नको?"

त्यांनी ते नाव तीनदा म्हणून पाहिलं, तीनदा चुकलं. रंजूनं दुरुस्त केलं. मग बुधराम सायकलीवर बसले आणि घरी न जाता ताठ मानेनं पुन्हा बाजाराकडं वळले.